मारिसेलच्या सिनेमातलं तिकलं

“ह्या काय आसा गो? तलाठ्याचा दप्तर?” तातूमामाने माझी वही आधी उलटी धरून बघितली, मग सुलटी, आणि ओटीवर पालथी घालून ठेवली.

“संवाद आसत, मामा. सगळ्या सिनेमाचे. तुया नुसता वाचूचा.”

“वाचूचा?” कोणी आळणी कढी वाढावी तसं तोंड केलं त्याने. “चाळीस वर्षां उभो आसंय मी दशावतारात. रावण केलंय, कंस केलंय, दुःशासन केलंय. कागद बघून बोलणारो राक्षस तू खंय बघलंस?”

चूक माझीच होती. आमच्या दशावतारात लिहिलेलं नाटक नसतं. आख्यान कुठलं तेवढं ठरतं, तोंडाला रंग लागतो, आणि मग समोरचा जसा बोलेल त्याच्यापेक्षा वरचढ आपण बोलायचं. जन्मभर असं बोललेल्या माणसाच्या हातात मी एकशे बारा पानं ठेवली होती, तीही सिनेमा सुरू व्हायला चार तास उरले असताना.

“मगे आता काय करूचा?” मी अगदी रडकुंडीला आले.

“करूचा काय? गोष्ट सांग. कोण कोणाक काय म्हणता ता सांग. बाकीचा माझ्यार सोड.” असं म्हणून त्याने मुळ्याच्या भाजीची जुडी माझ्यापुढे सरकवली. मामासमोर बसायचं तर रिकाम्या हाताने बसायची सोय नव्हती.

ही सोळा वर्षांपूर्वीची रविवारची सकाळ. मी तेव्हा एकवीस वर्षांची, बी.ए. झालेली, आणि काजूच्या कारखान्यात आईच्या शेजारी बसून काजूगर सोलणारी. गावात एवढं इंग्रजी येणारी मी एकटीच, आणि हे मी कुणाला विसरू देत नसे. तालुक्याच्या एका संस्थेतल्या मेघनाताई आठवड्यापूर्वी माझ्याकडे एक सिनेमा देऊन गेल्या होत्या. फिलिपाईन्स देशातला. मारिसेल नावाच्या बाईने बनवलेला. मागे कुठली कंपनी नाही, शेठ नाही, शेजारीपाजारीच नट. नोकरीचं आमिष दाखवून मुलींना परमुलखात नेऊन विकतात, त्याची गोष्ट. ही मारिसेल गोव्यात कसल्याशा संमेलनाला आली होती आणि मेघनाताईंनी तिला गळ घातली होती, की आमच्या काजूवाल्या बायकांना हा दाखवच. आता बोलणं सगळं त्यांच्या भाषेत, खाली अक्षरं इंग्रजी. आमच्या बायकांना काय कळणार, कप्पाळ? म्हणून मी भाषांतर करायचं आणि सिनेमा चालू असताना कुणीतरी ते मोठ्याने बोलायचं असं ठरलं. दहा माणसांचे आवाज एकटा काढणारा म्हणून मामाचं नाव मीच पुढे केलं होतं.

हे सगळं मी हौसेने करत होते खरी, पण माझं अर्धं लक्ष तांदळाच्या पोत्यांमागे लपवलेल्या लाल बॅगेत होतं. चाकांची बॅग. येत्या गुरुवारी ती घेऊन मी परदेशी जाणार होते. मोठ्या हॉटेलात, काउंटरवर उभं राहायची नोकरी. रमाकांतभाऊंनी लावून दिली होती. हे भाऊ तालुक्याकडचे, गळ्यात तुळशीची माळ, बोलणं असं की मांजरालासुद्धा अहोजाहो करतील. दोन महिन्यांत चारदा आमच्याकडे आईच्या हातचं बांगड्याचं तिकलं, म्हणजे तिखट कालवण, जेवून गेले होते. माझा पासपोर्ट त्यांच्याकडेच होता. हे मला आणि आईला सोडून कुणालाही ठाऊक नव्हतं, मामालाही नाही.

आता तुम्ही म्हणाल, बये, असल्या सिनेमाचं भाषांतर करताना तुझ्या डोक्यात उजेड पडला नाही? नाही पडला. सिनेमातला तो दलाल हातात सोन्याचं कडं घालणारा, दात काढून हसणारा. आमचे भाऊ माळकरी. शिवाय त्या मुली कुठल्याशा बेटावरच्या, बिचाऱ्या भोळ्या. मी बी.ए.

“हिरॉइनीचा नाव काय?” मामाने विचारलं.

“लिवायवाय.”

“लीला,” मामाने निकाल दिला. “आणि राक्षस कोण?”

“नोकरी लावणारो. सगळे तेका तितो म्हणतत. तितो म्हणजे मामा.”

मामाने हातातला मुळा खाली ठेवला. “मामा राक्षस? ह्या चलाचा नाय. काका कर तेका.”

“मामा, कंस पण मामाच होतो.”

“म्हणानच आमचा नाव आधीच खराब आसा. काका.”

तर लिवायवायची झाली लीला आणि तितोचा झाला काका. मी गोष्ट सांगत गेले. लीलाची आई जाळी विणते. काका घरी येतो, जेवतो, लीलाला नोकरीला नेतो, आणि नेतो ते भलतीकडेच. मामा मध्ये मध्ये विचारायचा. कसो बोलता? हळू काय मोठ्यान? आवशीकडे बघून काय म्हणता? मी सांगायचे आणि देठ खुडायचे. मध्येच कधीतरी मामा निवडायचा थांबला, माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं पाठ करतोय.

“हळू बोलणारो राक्षस करूक कठीण,” शेवटी तो म्हणाला. “ओरडणारो कोणीय करता. रावण सीतेच्या दारात धा तोंडां घेवन गेल्लो नाय. भिक्षा मागूक गेल्लो.”

मी म्हटलं, बरं. मला सीतेशी काय देणंघेणं? माझी बॅग भरून तयार होती.

कारखान्याच्या गोदामाला खिडक्या नाहीत, म्हणून दुपारी तीन वाजताही तिथे अंधार होता. काजूबियांची पोती भिंतीला लावून पांढरी चादर ताणली होती. पन्नास-साठ बायका आल्या होत्या, सुट्टीचा दिवस म्हणून केसात अबोली माळून. हात मात्र रोजचेच, काजूच्या तेलाने बोटं काळी पडलेली. कोपऱ्यात एका पोत्यावर मारिसेल बसली होती. बुटकी, कापलेले केस, पायात चप्पल आपल्यासारखीच. मी माझं सगळं इंग्रजी गोळा करून तिच्याशी हात मिळवला.

“तुझे मामा नट आहेत?” तिने विचारलं.

“फार मोठे,” मी म्हटलं. “बहुतेक राक्षसच करतात.”

ती मनापासून हसली. बिचारीला कल्पना नव्हती.

मामाने झांज वाजवली. कपाळाला गंध, अंगात धुवट सदरा, आणि छाती पुढे. “मंडळी,” तो म्हणाला, “आजचं आख्यान, सागरकन्या लीला अर्थात कपटी काका.”

“काय म्हणाले ते?” मारिसेलने हळूच विचारलं.

“सिनेमाचं नाव.”

“माझ्या सिनेमाचं नाव एका शब्दाचं आहे.”

“मराठीत तेवढं होतं,” मी म्हटलं.

सिनेमा सुरू झाला. पहिल्या प्रसंगात लीला आणि तिची आई समुद्राकाठी बसून जाळं विणतात. बोलत नाहीत. फक्त लाटांचा आवाज. पण चाळीस वर्षं रंगमंचावर काढलेल्या माणसाला दोन पात्रं गप्प बसलेली बघवेनात. मामाने आवाज बारीक केला आणि लीला बोलायला लागली. “आये, आज पण नुसते खेकडेच काय गो?” लगेच आईच्या आवाजात, “मगे तुझो बापूस सुरमई धाडूचो हा होय?” गोदाम खदखदून हसलं. मारिसेल ताठ झाली.

“इथे कुणी बोलत नाही,” ती माझ्या कानात म्हणाली.

“हो ना,” मी म्हटलं आणि वहीचं पान उलटलं.

पुढे वाळूतून एक कुत्रा गेला. मामाने कुत्र्यालाही वाक्य दिलं. पुढे होडीवाल्याला मालवणचा केला आणि दुकानदाराला सासूचा छळ सोसणारा. बायका पोट धरून हसत होत्या. मारिसेलने हा सिनेमा चार वर्षं खपून केलेला, तोही लोकांनी रडावं म्हणून. तिच्या चेहऱ्याकडे बघायची माझी छाती होईना. मी वाकून मामाजवळ गेले, सदरा ओढला, म्हटलं, “मामा, आवर जरा.” त्याने माझा हात झटकला. नट रंगात आला की त्याला भाचीबिची नसते.

मग पडद्यावर काका आला. लीलाच्या घरी जेवायला बसला. आपल्याला त्याची नुसती पाठ दिसते, समोर लीलाची आई वाढते आहे. मामाने झांज खाली ठेवली आणि आवाज एकदम उतरवला. मालवणी गेली. शहरातल्या माणसाची गोड, सावकाश मराठी आली.

“वहिनी, तुमच्या हातचं तिकलं खाल्लं आणि मला माझी आई आठवली.”

माझ्या हातातली वही तशीच राहिली.

“माझी सख्खी बहीण असती तरी तिलाच पाठवली असती. जागा एकच आहे, वहिनी. ती मी तुमच्या मुलीसाठी धरून ठेवलीय. कागदपत्रं माझ्याकडेच असू देत. मुलींच्या हातून हरवतात.” आणि मग अगदी कुजबुजत, “कुणाला बोलू नका हां. लोकांची नजर वाईट.”

हे रमाकांतभाऊ होते. शब्दन् शब्द भाऊ होते, ‘हां’सकट. मामा त्यांना कधी भेटला? कुठे भेटला? मी आईकडे बघितलं. ती पदर तोंडाशी धरून बसली होती, आणि तिचे डोळे पडद्यावर नव्हते, मामावर होते.

गोदामात कुणी हसत नव्हतं. तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून शेवंतीकाकी म्हणाली, “ह्या तर तो माका म्हणालो होतो.”

“कोण?” आईने विचारलं.

“ते रमाकांतभाऊ. माझ्या घराकडे जेवले तेव्हा. माझा तिकला खावन आवशीची आठवण इली म्हणाले.”

“तुझा तिकला खावन?” आई उठून उभीच राहिली. “शेवंते, तुझ्या तिकल्यात मीठ तरी असता काय?”

देवाशपथ सांगते, सगळ्यात आधी आईला हेच सुचलं. मुलगी जाणार होती, पासपोर्ट गेला होता, पण दोन महिने भाऊंनी तिच्या बांगड्याच्या तिकल्याचं जे कौतुक केलं होतं ते शेवंतीच्या आळणी तिकल्याच्या बरोबरीला बसलं, हे तिला सहन झालं नाही. आणि त्या घटकेला तिला सगळं कळलं. ज्या माणसाला शेवंतीचं तिकलं खाऊन आई आठवते, तो माणूस खरं बोलतच नाही.

“माझ्याकडे पण जेवले,” मागून द्रौपदीमावशीचा आवाज आला. “माका म्हणाले, जागा एकच आसा. माझ्या प्रमिलेसाठी धरून ठेवलीहा.”

“प्रमिलेसाठी?” शेवंतीकाकी वळली. “मगे माझ्या हेमाचा काय?”

“आणि माझ्या सुगंधेचा?” आई म्हणाली, आणि अशा रीतीने आमचं गुपित साठ बायकांपुढे फुटलं.

एक जागा आणि तीन पोरी. तिघी आया एकमेकींकडे बघत राहिल्या. मेघनाताई सिनेमाच्या यंत्रापाशी गेल्या, बंद करू का म्हणून. आईच म्हणाली, “नको. पुढे काय होता ता बघूया.”

पुढे जे होतं ते आम्ही बघितलं. लीलाला एका घरात कोंडतात. काउंटर नाही, हॉटेल नाही. मामा आता कमी बोलत होता, एकेका वाक्यावर भागवत होता. शेवटी लीला निसटते, पुष्कळ दिवसांनी आपल्या बेटावर परत येते. आई जाळं विणत बसलेली. ती काही विचारत नाही, बघते, आणि बसल्या जागी थोडी सरकते, लीलाला बसायला जागा होईल एवढी. मी मामाकडे बघितलं. त्याने तोंड उघडलं, आणि मिटलं. तेवढा एक प्रसंग त्याने मारिसेलला जसा हवा होता तसा सोडला. आईने माझं मनगट धरलं होतं ते दिवे लागले तरी सोडलं नाही.

बाहेर आल्यावर मी मामाला गाठलं. “मामा, माझी बॅग भरलेली आसा. गुरुवारी जाणार होतंय मी.” मला वाटलं आता मामाचा रावण होणार.

“तो आता कधी येवचो हा?” त्याने एवढंच विचारलं.

“उद्या दुपारी. जेवक.”

“मगे जेवक घालूया तेका,” मामा म्हणाला आणि मेघनाताईंकडे वळला.

सोमवारी बाराला भाऊंची मोटरसायकल दारात लागली. हातपाय धुऊन, नेहमीची काळी बॅग खुंटीला अडकवून ते पाटावर बसले. मामाला बघून जरा चपापले, पण आईने सांगितलं, माझा भाऊ, सहज आलाय. मामाने इतका गरीब नमस्कार केला की मलाच त्याची कीव आली. आईने भात वाढला आणि ताटाभोवती तीन वाट्या मांडल्या. तिन्हींत बांगड्याचं तिकलं.

“आज तीन-तीन?” भाऊ खूश झाले. पहिल्या वाटीतला तुकडा तोंडात घातला, डोळे मिटले. “वहिनी, तुमच्या हातचं तिकलं खाल्लं की मला…”

“माझी आई आठवते,” स्वयंपाकघराच्या दारामागून आवाज आला.

भाऊंनी डोळे उघडले. शेवंतीकाकी पदर खोचून बाहेर आली. “दुसरी वाटी माझी. खावन बघा. आज मीठ घातलंय.”

तिच्या मागून द्रौपदीमावशी आली, आणि तिच्या मागून कारखान्यातल्या बायका येतच राहिल्या. ओटी भरली, दार भरलं. हे आम्ही ठरवलेलं नव्हतं बरं का. भाऊंना जेवायला बसवायचं, मेघनाताई पोलिसांना घेऊन येईपर्यंत उठू द्यायचं नाही, एवढंच ठरलं होतं. बाकीचं आपोआप होत गेलं.

“काहीतरी गैरसमज होतोय,” भाऊ म्हणाले. अजून गोडच बोलत होते. “अहो, माझी सख्खी बहीण असती…”

“तरी तिलाच पाठवली असती,” पाच-सहा बायका एका सुरात म्हणाल्या.

“तसं नव्हे. ऐकून तरी घ्या. जागा…”

“एकच आसा.”

“कागदपत्रं सगळी…”

“मुलींच्या हातून हरवतात,” अख्खी ओटी म्हणाली, आणि मग कुणाला तरी हसू फुटलं. बहुतेक प्रमिलेला. एकीचं बघून दुसरी हसली, दुसरीचं बघून आई हसली. काळ्या बोटांनी तोंड दाबून बायका हसत होत्या, एकमेकींच्या खांद्यावर डोकी टेकत होत्या. मीही हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ते पाणी कसलं होतं ते मला आजही नक्की सांगता येणार नाही. भाऊ ज्या वाक्याला हात घालत होते ते आधीच आमच्याकडे होतं. त्यांच्याजवळ बोलायला काही उरलंच नाही. शेवटी त्यांनी मामाकडे बघितलं, पुरुष माणूस म्हणून.

मामाने कालचा तो मऊ आवाज काढला. “जेवा भाऊ. जेवताना बोलू नये.”

ते ताडकन उठले. हाताला भात तसाच. अंगणात गेले तर मोटरसायकलला चावी नव्हती. ती द्रौपदीमावशीच्या कनवटीला होती, आणि तिच्या कनवटीला हात घालायची हिंमत खुद्द तिच्या नवऱ्याची नव्हती. खुंटीवरची काळी बॅग मी काढली. मला वाटलं होतं आत तीन पासपोर्ट असतील. सात निघाले. माझा, हेमाचा, प्रमिलेचा आणि चार कुणाकुणाचे, लांबच्या गावच्या मुलींचे. मी ती चार नावं मोठ्याने वाचली. तेव्हा हसणं थांबलं. आई म्हणाली, “परत वाच. गावां पण वाच.” मी परत वाचली.

तेवढ्यात जीप आली. दोन हवालदार, मेघनाताई, आणि मागच्या बाजूला मारिसेल. भाऊ हात न धुताच जीपमध्ये बसले. त्यांचं पुढे जे व्हायचं ते बऱ्याच तारखांनंतर झालं. पण त्या चार मुली आपापल्या घरी सापडल्या, हे महत्त्वाचं. एकीची तर बॅग रिक्षात चढवलेली होती.

मारिसेल मागे राहिली. आईने तिला भाऊंच्याच जागी, पण नवीन ताट घेऊन बसवलं. तिने तिन्ही वाट्यांतलं तिकलं चाटूनपुसून खाल्लं आणि सांगितलं की दुसऱ्या वाटीत मीठ जास्त झालंय. मी हे भाषांतर करून सांगितल्यावर शेवंतीकाकीने कपाळाला हात लावला.

“कालबद्दल मला रागवायला हवं होतं,” मारिसेल म्हणाली. “तुझ्या मामांनी माझ्या कुत्र्यालासुद्धा सोडलं नाही. पण मला एक विचारायचंय. काल सगळ्या बायका एकदम गप्प झाल्या, तो जेवणाचा प्रसंग. तिथे ते काय बोलले?”

“तितोचे संवाद,” मी म्हटलं.

“तिथे तितोला संवाद नाहीत. मी चारदा लिहिले आणि चारदा खोडले. असा माणूस आईसमोर बसून काय बोलत असेल, ते मला लिहिताच येईना. म्हणून मी त्याची पाठ दाखवली आणि त्याला गप्प ठेवलं.”

मी वही आणली. पान एक्केचाळीस. माझ्याच सुवाच्य अक्षरात तिथे लिहिलं होतं, ‘तितो जेवतो. काही बोलत नाही.’

मामा ओटीच्या कडेला पान लावत बसला होता. मी वही घेऊन त्याच्यापुढे उभी राहिले. “मामा, तू रमाकांतभाऊंका आधी कधी भेटलंस?”

“मी? आज पयल्यांदा बघलंय तेका.”

“मगे ती वाक्यां तुका कोणी सांगली?”

“कोणी म्हणजे? तूच.” मामाने चुना लावला. “काल भाजी निवडताना. मी इचारलंय, जेवताना आवशीक काय म्हणता? तू घडाघडा सांगलंस. वहीत बघूक पण नाय.”

“मी?”

“वहिनी, तुमच्या हातचं तिकलं, म्हणालंस. तेवाच माझ्या मनात पाल चुकचुकली. फिलिपाईन्सात तिकला करतत काय गो? म्हटला, ही गोष्ट थंयची नाय. ही आमच्याच घरातली आसा.”

“मगे माकाच का नाय सांगलंस? सगळ्यांपुढे कित्याक?”

“आणि सरळ सांगान तू आयकणारी?” त्याने पान तोंडात टाकलं. “बी.ए. तू.”

दोन महिने मी स्वतःला सांगत होते की भाऊंत वावगं काही नाही. आणि राक्षस काय बोलतो असं कुणी विचारल्याबरोबर मी कुणाची वाक्यं दिली होती? वही न उघडता, देठ खुडता खुडता.

लाल बॅग पुढे मामानेच नेली. दशावतारातला त्याचा मुकुट अजून तिच्यातूनच फिरतो, आणि चाकं असल्यामुळे तो स्वतःला कंपनीचा मालक समजतो. पण ते नंतरचं. त्या दुपारी मारिसेल ताटावर हात वाळवत माझी वाट बघत होती.

“सांग ना,” ती म्हणाली. “तो काय बोलतो?”

मी तिच्याशेजारी बसले. पान एक्केचाळीसवरची ओळ खोडली आणि तिच्या खाली ती वाक्यं लिहून काढली, आधी मराठीत, मग तिच्यासाठी इंग्रजीत. एकही शब्द आठवावा लागला नाही.